हवा कुठे गेली

१९९३ च्या जानेवारीत अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटातल्या एका काचेच्या घरात आठ माणसं जिना चढताना मध्येच थांबत होती. लांब वाक्य एका दमात पुरं होत नव्हतं. रात्री झोपेत श्वास अडकायचा आणि दचकून जाग यायची. घर चारी बाजूंनी, वरून आणि खालूनही बंद होतं. सव्वा वर्षापूर्वी दार लावलं तेव्हा जी हवा आत होती तीच अजून चालू होती, आणि तिच्यातला प्राणवायू २०.९ टक्क्यांवरून साडेचौदाच्याही खाली उतरला होता. समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरवर साधारण एवढाच मिळतो. आपल्याकडची मंडळी लेहला जातात तेव्हा पहिला दिवस खोलीत पडून काढा, जिने चढू नका, असं त्यांना बजावून सांगतात. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे. ही माणसं त्याहून कमी प्राणवायूत कुदळ मारत होती, बकऱ्यांचं दूध काढत होती.

त्या घराचं नाव बायोस्फिअर २. पहिलं बायोस्फिअर ही पृथ्वी, म्हणून हे दुसरं. तीन एकरांहून थोडी जास्त जागा, तिच्यावर पोलाद आणि काचेचं छप्पर, आणि आत एक छोटं वर्षावन, प्रवाळ असलेला समुद्र, खारफुटी, गवताळ माळ, धुक्याचं वाळवंट, शेत आणि माणसांच्या खोल्या. एड बॅस या टेक्ससच्या धनिकाचा पैसा आणि जॉन अ‍ॅलन यांची कल्पना. उद्या मंगळावर वस्ती करायची वेळ आली तर माणूस, झाडं, जनावरं आणि जिवाणू मिळून आपली हवा आपणच राखू शकतील का, हे त्यांना पाहायचं होतं. २६ सप्टेंबर १९९१ ला चार बायका आणि चार पुरुष आत गेले. दोन वर्षं बाहेर यायचं नाही, बाहेरून काही घ्यायचं नाही.

गेल्या हिवाळ्यात मुलीकडे फिनिक्सला गेले होते, तेव्हा ती मला तिथे घेऊन गेली. मी तीस वर्षं सिंधुदुर्गातल्या शिरोड्याजवळच्या शाळेत विज्ञान आणि पुढे कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवलं. त्यामुळे ही गोष्ट मला माहीत होती, मुलांना सांगितलीही होती. पण तिथलं ‘फुप्फुस’ पाहीपर्यंत ती माझ्या अंगाला भिडली नव्हती.

फुप्फुस हा त्यांचाच शब्द. दिवसा ऊन तापलं की आतली हवा फुगते, रात्री आकसते. घर पक्कं बंद असल्यामुळे या दाबाने काचा फुटल्या असत्या. म्हणून जमिनीखालच्या बोगद्यांनी जोडलेले दोन मोठे घुमट बांधले आहेत. घुमटाच्या आत काळ्या रबराचा अवाढव्य पडदा आणि मधोमध धातूची जड चकती. हवा फुगली की चकती वर जाते, आकसली की खाली येते. आम्ही तिच्याखाली उभे होतो. मग गाइडने बाहेरचं दार उघडलं आणि मागून हवेचा असा लोट आला की माझी शाल खांद्यावरून उडाली. मुलगी हसली, "आई, धर!" मी शाल धरली. वीस-बावीस माणसं एकामागून एक त्या वाऱ्याने ढकलली जात बाहेर पडलो. हवा ही वस्तू आहे, तिला वजन आहे, ती कोंडता येते आणि संपवता येते, हे मी फळ्यावर शेकडो वेळा लिहिलं असेल. तिथे ते पाठीवर कळलं.

प्राणवायू संपत होता हे आतल्या लोकांना आकड्यांवरून समजत होतं, पण का, ते कुणालाच समजत नव्हतं. माती मुद्दाम सकस ठेवली होती, सेंद्रिय खताने भरलेली, दोन वर्षं पीक यावं म्हणून. त्या मातीतले जिवाणू झपाट्याने श्वास घेत होते, प्राणवायू खात होते, कार्बन डायॉक्साइड सोडत होते. इथपर्यंत ठीक. पण मग जेवढा प्राणवायू गेला तेवढा कार्बन डायॉक्साइड वाढायला हवा होता. तो वाढला होता, बाहेरच्या हवेच्या कितीतरी पट होता, तरी हिशेब लागत नव्हता. मधला मोठा भाग कुठेतरी गडप झाला होता.

त्यांनी हातपाय गाळले नाहीत, हे मला फार मोठं वाटतं. गवताळ माळावरचं गवत कापायचं, वाळवायचं आणि तळघरात रचून ठेवायचं, म्हणजे ते कुजणार नाही आणि त्यातला कार्बन तिथेच अडकून राहील. जागेवर नवं गवत वाढेल, ते हवेतला आणखी थोडा कार्बन ओढेल. हे काम धाप लागत असताना करायचं. त्यात दोन्ही हिवाळ्यांत अ‍ॅरिझोनाचं आभाळ नेहमीपेक्षा ढगाळ राहिलं. ऊन कमी, म्हणून पीक कमी, म्हणून अन्न कमी आणि प्राणवायूही कमी. परागीकरण करणारे बहुतेक कीटक मेले. मुंग्या आणि झुरळं मात्र माजली.

जेवणात रताळी, बीट, केळी, पपई, घेवडे, थोडा भात, थोडा गहू. रताळी इतकी खाल्ली की त्यांची कातडी नारिंगी झाली. केळी ठेवायच्या खोलीला कुलूप लावावं लागलं. भुईमुगाच्या शेंगा टरफलासकट खाण्यापर्यंत भूक पोचली होती. जेन पॉइंटर शेती सांभाळायच्या. एक पिझ्झा करायला आपल्याला चार महिने लागले, असं त्या पुढे सांगत, कारण गहू पेरण्यापासून आणि चीजसाठी बकरीचं दूध काढण्यापासून सुरुवात. त्यांनी सांगितलेली आणखी एक गोष्ट मी विसरू शकत नाही. त्यांचा उच्छ्वास रताळ्याचा वेल घ्यायचा, ते रताळं त्या खायच्या, पुन्हा उच्छ्वास. तोच कार्बन शरीरातून झाडात आणि झाडातून शरीरात. पृथ्वीवरही हेच चाललेलं असतं, फक्त वर्तुळ इतकं मोठं की त्यात आपण आहोत हे जाणवत नाही.

आणि या सगळ्यात त्यांचं भांडण झालं. चार आणि चार असे दोन तट पडले. बालपणापासूनचे असावेत असे मित्र एकमेकांशी बोलेनासे झाले. भुकेल्या, दमलेल्या, कोंडलेल्या माणसांचं व्हायचं तेच झालं. पण कुणी दुसऱ्या तटाच्या पाळीत पाण्याचा पंप बंद ठेवला नाही, कुणी कुणाच्या वाट्याचं पीक बिघडवलं नाही. त्यांच्यातलेच एक मार्क नेल्सन यांनी हे लिहून ठेवलं आहे. ज्याच्याशी अबोला आहे त्याचाही श्वास त्याच हवेत आहे, हे आठही जणांना पक्कं कळलेलं होतं. स्वयंपाकाची पाळी आली की ज्याची पाळी तो आठ ताटं वाढत होता. बाहेरच्या जगात वर्तमानपत्रं या प्रयोगाला फसलेला म्हणत होती. मला तसं वाटत नाही, आणि त्याचं पहिलं कारण ही आठ ताटं.

हवा कुठे गेली याचं उत्तर कोलंबिया विद्यापीठातल्या जेफ सेव्हरिंगहाउस आणि वॉलेस ब्रोकर यांच्या चमूने शोधलं. काँक्रीट. त्या इमारतीत प्रचंड काँक्रीट वापरलं होतं, बरंचसं उघडं. काँक्रीटमध्ये चुना असतो. चुना कार्बन डायॉक्साइड शोषतो आणि कॅल्शियम कार्बोनेट होतो. जिवाणूंनी प्राणवायूचा कार्बन डायॉक्साइड केला आणि तो झाडांपर्यंत पोचून पुन्हा प्राणवायू व्हायच्या आत भिंतींनी गिळला.

हे वाचलं तेव्हा मी जागची उठून स्वयंपाकघरात गेले आणि परत आले, इतकी अस्वस्थ झाले. सातवीच्या वर्गात मी दरवर्षी हाच प्रयोग करून घेत असे. चुन्याची निवळी परीक्षानळीत घ्यायची, तीत नळीने फुंकर मारायची. मुलं गाल फुगवून फुंकतात, निवळी दुधाळ होते, वर्गात एकच गलका. तळाशी बसलेला पांढरा गाळ हा त्या पोराचा उच्छ्वास असतो, दगड झालेला. बायोस्फिअरच्या भिंतींत आठ माणसांचा आणि त्या सगळ्या मातीचा श्वास तसाच दगड होऊन बसला होता.

पण दगडाने प्राणवायू गिळायची ही पहिली वेळ नव्हती. पृथ्वीने हे आधी केलं आहे, आणि त्याचा पुरावा माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. रेडीची खाण. तिथून गोव्यापर्यंत लोहखनिजाचा पट्टा गेला आहे. पावसाळा संपला की ट्रक सुरू व्हायचे आणि रस्त्याकडेची सुरूची झाडं तांबडी व्हायची. लहानपणी मांडवीत खनिजाने भरलेल्या बार्जेस पाहिल्या आहेत. हा लाल रंग म्हणजे लोखंड आणि प्राणवायू.

सुरुवातीची निम्मी कारकीर्द पृथ्वीवर श्वास घेण्याजोगी हवा नव्हतीच. समुद्राच्या पाण्यात लोखंड विरघळलेलं होतं. मग सूर्यप्रकाशाने पाणी फोडून जगणारे अतिसूक्ष्म जीव आले, सायनोबॅक्टेरिया. जुन्या पाठ्यपुस्तकांत त्यांना नीलहरित शैवाल म्हणत. ते प्राणवायू सोडू लागले, पण तो हवेत पोचेना. लोखंड त्याला वाटेतच पकडत होतं, गंजत होतं, थराथराने तळाशी बसत होतं. रेडी-गोव्याच्या खनिजाचे मूळ थर अडीचशे कोटी वर्षांहून जुने आहेत, आणि त्यांचं प्रचलित स्पष्टीकरण हेच आहे. कोट्यवधी वर्षं हे जीव सोडत राहिले आणि समुद्र गिळत राहिला. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी प्राणवायू हवेत टिकायला लागला.

तो टिकला तेव्हा बहुतेक जीवांसाठी ती आपत्ती होती, कारण त्यांना तो विष होता. ज्यांना तो सोसला नाही त्यांतले कितीतरी चिखलात, खोल पाण्यात गेले आणि आजही आहेत. भाताच्या खाचरातल्या काळ्या चिखलात आहेत, गोबरगॅसच्या टाकीत आहेत, आपल्या आतड्यांत आहेत. हवा बदलली म्हणजे जीवन संपतं असं नाही. कुणाचं जीवन, हा प्रश्न राहतो.

आणि झाडं प्राणवायू देतात एवढं सांगून आम्ही शिक्षक थांबतो, पण ते अर्धंच आहे. झाड जेवढा देतं तेवढा ते मेल्यावर कुजताना परत घेतलं जातं. शिल्लक उरते ती जे कुजलं नाही, गाळाखाली गाडलं गेलं, त्याच्या बदल्यात. चंद्रपूरच्या कोळशाचा जो थर जमिनीखाली आहे, त्याच्या तोलाचा प्राणवायू वर हवेत आहे. बायोस्फिअरमधले ते लोक तळघरात गवत रचत होते तेव्हा हेच करू पाहत होते. आपण कोळसा वर काढून जाळतो तेव्हा याच्या उलट करतो. राल्फ कीलिंग हे शास्त्रज्ञ १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून हवेतला प्राणवायू मोजत आहेत, आणि तो दरवर्षी अगदी थोडा, दहा लाखांत काही कण इतका, कमी होतो आहे. त्याने आपण गुदमरणार नाही, साठा फार मोठा आहे. कार्बन डायॉक्साइडची उष्णता आणि धुराची घाण आपल्याला त्याच्या कितीतरी आधी गाठते. पण साठा आहे आणि तो आयता मिळालेला आहे, हे मला प्रत्येक मुलाला माहीत असावं असं वाटतं.

हा साठाही कायमचा नाही. काझुमी ओझाकी आणि ख्रिस्तोफर राइनहार्ड यांनी २०२१ मध्ये गणित मांडलं की पृथ्वीची प्राणवायूने भरलेली हवा आणखी सुमारे शंभर कोटी वर्षं टिकेल. सूर्य हळूहळू प्रखर होत जाईल, हवेतला कार्बन डायॉक्साइड झाडांना पुरणार नाही इतका घटेल, झाडं जातील आणि मग प्राणवायूही, तोही भूशास्त्राच्या हिशेबात पटकन. उरतील ते चिखलातले जुने रहिवासी. हे वाचून मला भीती वाटली नाही. मनात आलं की झाडं असलेल्या, श्वास घेता येणाऱ्या पृथ्वीचा काळ हा एकूण आयुष्यातला एक तुकडा आहे आणि आपण नेमके त्यात जन्मलो. असं नशीब मिळाल्यावर ते शे-दोनशे वर्षांत उधळायचं, याची मात्र चीड येते.

जानेवारी १९९३ कडे परत जाते. आतले डॉक्टर रॉय वॉलफर्ड यांच्यासह सगळेच दमले होते. शेवटी बाहेरून द्रवरूप प्राणवायूचे टँकर मागवले आणि तो फुप्फुसाच्या वाटेने आत सोडला. त्या घुमटात शिरताच कित्येक महिने पाय ओढत चालणारी माणसं धावू लागली, हसू लागली. पुढच्या दिवसांत प्राणवायू १९ टक्क्यांच्या आसपास आला. २६ सप्टेंबरला, ठरल्या दिवशी, आठही जण चालत बाहेर आले.

टँकर आणला म्हणजे हरले, असं म्हणणारे पुष्कळ होते. ज्या घरात कुणी प्राणवायूची वाट पाहिली आहे त्या घरातलं माणूस असं म्हणणार नाही. २०२१ च्या एप्रिलात ह्यांच्या बोटाला लावलेला ऑक्सिमीटर ८६ दाखवत होता. मी तो काढून स्वतःच्या बोटाला लावायची, ९७ यायचं, पुन्हा ह्यांच्या बोटाला लावायची. गावात सिलिंडर नव्हता. वाड्यावरचा एक मुलगा, माझाच जुना विद्यार्थी, गोव्याच्या हद्दीपर्यंत जाऊन रात्री सिलिंडर घेऊन आला आणि पुढे दोन दिवसांनी तालुक्याला खाट मिळाली. त्याच दिवसांत कळंबोलीहून रिकामे टँकर रेल्वेच्या सपाट वाघिणींवर चढवून विशाखापट्टणमला गेले होते आणि भरून नागपूर-नाशिकला परतले होते. टीव्हीवर ती गाडी दिसली की मी हात जोडायची. नाशिकलाच त्या आठवड्यात टाकी गळून माणसं गेली, तेही त्याच टीव्हीवर पाहिलं. हे मात्र बचावले. आज सकाळी परड्यात नारळ सोलत होते.

पण त्या काचेच्या घराला बाहेर होतं, आम्हाला गोव्याची हद्द होती, नाशिकला विशाखापट्टणम होतं. पृथ्वीच्या दाराशी टँकर घेऊन येईल असं कुणी नाही. त्यामुळे आशा म्हणून मी टँकरकडे पाहू शकत नाही. मला त्या सव्वा वर्षाकडे पाहावं लागतं. हवा कुठे जाते आहे हे ठाऊक नसताना त्यांनी गवत कापलं, मोजमाप रोज लिहिलं, ज्याच्याशी पटत नव्हतं त्यालाही जेवायला वाढलं.

आमच्या दारात याच मोजमापाला एक जागा आहे. अरबी समुद्राच्या मध्यात, काहीशे मीटर खोलीवर, जगातल्या मोठ्या प्राणवायूहीन थरांपैकी एक पसरला आहे. पावसाळ्यात वाऱ्यामुळे खोलातलं असं कमी प्राणवायूचं पाणी आमच्या किनाऱ्यापर्यंत सरकतं, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तळाशी कधी कधी काहीच उरत नाही, पाण्याला सडक्या अंड्याचा वास येतो. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली हे जगापुढे मांडलं, आणि कांदोळीच्या समोर १९९७ पासून मोजणी चालू ठेवली गेली. १९६० नंतरच्या पन्नासेक वर्षांत जगातल्या समुद्रांनी सुमारे दोन टक्के प्राणवायू गमावला आहे. कोळी बांधवांना हे आकडे सांगावे लागत नाहीत. मासळी अवेळी किनाऱ्याला का येते आणि मग एकदम नाहीशी का होते, हे ते मला विचारतात, आणि मी जेवढं कळतं तेवढं सांगते.

पाण्यातला प्राणवायू मोजायची विंकलर यांची पद्धत जुनी आहे, स्वस्त आहे, आणि निवृत्त झाले तरी माझे हात ती विसरलेले नाहीत. बाटली पाण्याखालीच भरून बुडबुडा न राहू देता बंद करायची. मग मँगनीज सल्फेट आणि अल्कधर्मी आयोडाइड घालायचं आणि हलवायची. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका बसतो, जितका जास्त तितका गडद. नसेल तर साका पांढराच राहतो. पुढचं टायट्रेशन, म्हणजे थायोसल्फेट थेंबथेंब घालून नेमका आकडा काढणं, नंतर शाळेत करता येतं, पण तपकिरी की पांढरा हे होडीतच दिसतं.

यंदा पाऊस ओसरला की नववीतली सहा मुलं आणि मी, त्याच विद्यार्थ्याच्या होडीतून वेळागरच्या पुढे जाणार आहोत. त्याने इंजिनाचं काम काढलंय, नारळी पौर्णिमेनंतर होईल म्हणाला. बाटल्या आल्या आहेत. थायोसल्फेट ताजं करावं लागेल.